कर्जदारांचा डॉलर

संकट अमेरिकेत जन्मलं होतं. थकलेली घरकर्जं तिथली, बुडालेली बँकही तिथलीच. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डॉलर मात्र चढतच गेला. ऑगस्टमध्ये ४३ रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर नोव्हेंबरात पन्नाशीला भिडला. मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरीत परकीय चलनाचे व्यवहार पाहत होतो. आजही व्याख्यानानंतर हमखास प्रश्न येतो: ज्यांचं दिवाळं निघालं, त्यांचंच चलन महाग कसं झालं?

घाबरलेला पैसा सुरक्षित जागा शोधतो, हे उत्तर खोटं नाही. त्या डिसेंबरात अमेरिकी ट्रेझरी बिलांवरचं व्याज शून्याला टेकलं, तरी लोक ती घेतच होते. पण भीतीपेक्षा कर्जदाराची निकड मोठी, असं माझं ठाम मत आहे. युरोपातल्या बँकांनी अमेरिकी घरकर्जांवरचे रोखे भरभरून घेतले होते. त्यांच्या ठेवी युरोत, पौंडात. डॉलर थोड्या मुदतीने उचलायचे आणि मुदत संपली की पुन्हा नव्याने उचलायचे. लेहमननंतर देणाऱ्यांनी हात आखडले. रोखे विकावेत तर गिऱ्हाईक नाही, आणि देणं डॉलरमध्येच फेडायचं. मग जवळची दुसरी चलनं विकून, पडेल त्या भावाने डॉलर घ्यायचे, एवढाच मार्ग उरला. अमेरिकेची प्रकृती कशी आहे, हे विचारायला त्या घटकेला कुणाला सवड होती?

येनचंही तेच झालं. जपान स्वतः मंदीत होता. तरी ऑगस्टमध्ये ११० येनच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबरात ९० च्या खाली आला. जगाने नाममात्र व्याजाचे येन उचलून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या चलनांत गुंतवले होते. ते सौदे मोडताना येन परत विकत घ्यावे लागले.

आपल्याकडे ही ओढ आडवाटेने आली. परदेशात डॉलर मिळेनासे झाल्यावर भारतीय कंपन्या इथे रुपये उभे करून त्यांचे डॉलर घेऊ लागल्या. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती, आणि त्या प्रत्येक डॉलरमागे बाजारातला रुपया आटत होता. ऑक्टोबरात कॉल रेट २० टक्क्यांच्या घरात गेला. एका रात्रीच्या उसनवारीला हा दर!

डॉलरचा नळ शेवटी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्याच हातात. तिने मोठ्या मध्यवर्ती बँकांना स्वॅपने, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन, हवे तेवढे डॉलर दिले. ऑक्टोबरअखेर ब्राझील, मेक्सिको, दक्षिण कोरिया आणि सिंगापूरसाठी प्रत्येकी ३० अब्जांची सोय केली. भारत त्या यादीत नव्हता. मार्च २०२० मध्ये डॉलरची तीच टंचाई झाली, तेव्हाही नव्हता.

म्हणून परकीय चलनाची गंगाजळी नुसती पडून आहे, ती रस्ते-पुलांवर खर्च करा, हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. मार्च २००८ अखेर सुमारे ३१० अब्ज डॉलर असलेली आपली गंगाजळी वर्षभरात २५२ अब्जांवर आली. त्यातली निम्म्याहून अधिक घट विक्रीमुळे नव्हे, तर साठ्यातले युरो-पौंड डॉलरपुढे उतरल्यामुळे झाली होती. देशाने वर्षभरात डॉलरमध्ये काय फेडायचं आहे, तेवढं तरी डॉलरमध्येच बाजूला असलं पाहिजे.