क्लासची पाटी

कर्जत स्टेशनाबाहेर पडून जरा मान वर केली की पहिल्या मजल्यावर ती दिसतेच. सर अजून यायचे असतात, जिन्याचं शटर बंद असतं, पण ही पहाटेपासून हजर. ‘इ. ५ वी ते १० वी, मराठी व सेमी इंग्रजी, गणित-विज्ञान स्पेशल’ एवढं ती खालच्या ओळीत सांगते. स्वभाव मात्र वरच्या मोठ्या अक्षरांत, नावात कळतो.

सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस तिला सोडत नाही. फ्लेक्सची असली तर दोन पावसाळ्यांत लाल रंग गुलाबी होतो आणि कोपरा फाटून फडफडत राहतो. पत्र्याची असली तर स्क्रूभोवती गंजाचे ओघळ उतरतात, मोबाइल नंबरातला एखादा आकडा पेंटरकडून पुन्हा काढून घ्यावा लागतो. तो नवा आकडा बाकीच्यांपेक्षा गडद दिसतो. तरी ती कुणाला परत पाठवत नाही. लौजी, केळवली, डोलवलीहून खोपोली लोकलनं येणारी पोरं तिच्याच खाली चपला काढतात.

म्हणूनच तिचं नाव ठेवताना घाई केलेली मला बघवत नाही. ‘सक्सेस’, ‘टॉपर्स’, ‘ब्रिलियंट’ ही नावं पालकांच्या कानावरची, त्यामुळे भरवशाची वाटतात. पण गणितात कसाबसा पास झालेला मुलगा रोज ‘टॉपर्स’खालून आत जातो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? त्याला तर नापास होण्याची भीती घालवायची असते.

कायदा इथं थोडाच कामाला येतो. राज्यानं २०२२ मध्ये दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. ‘ब्रिलियंट’ देवनागरीत रंगवलं की ती अट पुरी होते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं कोचिंग सेंटरांना रँकची आणि गुणांची हमी द्यायला मनाई केली, पण ती सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्यांना. वीस पोरांच्या खोलीवर लक्ष ठेवायला पाटीशिवाय कोणी नाही.

या मुलखात नावांना तोटा नाही. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले भाई कोतवाल वकील झाले, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, इंग्रजांविरुद्ध आझाद दस्ता उभा केला आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर सहकारी हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. ‘कोतवाल अभ्यासिका’ अशी पाटी कर्जतच्या मुलाला आपल्या मातीतला माणूस दाखवेल. मात्र हे नाव घेतलं की फी न परवडणाऱ्या ठाकूरवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या मुलांना बसवून घ्यावं लागेल. निदान दोघांना तरी, आणि तेही पहिल्या बाकावर. ते जमणार नसेल तर कोतवालांचं नाव घेऊ नये. नावासाठी नद्या आहेतच: कर्जतला उल्हास, खोपोलीला पाताळगंगा. आणि पेंटरला आधीच सांगून ठेवावं, खाली टक्केवारीच्या फोटोंसाठी जागा सोडायची नाही, तिथं वेळ आणि फी लिहायची.