मागे द्यावे, पुढे जावे

चेंडूच्या बहुतेक खेळांत चेंडू पुढे धाडणाऱ्याचे कौतुक होते. रग्बीची रीत मात्र उलटी आहे. चेंडू हातात घेऊन खेळाडूने हवे तितके पुढे धावावे. परंतु तो हाताने सोबत्याकडे टाकावयाचा झाल्यास आडवा किंवा मागेच टाकला पाहिजे. म्हणजे ज्याला पुढे जावयाचे, त्याने मागून येणाऱ्यावर विसंबावयाचे! आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा चेंडू देण्यास शिकवू लागल्यापासून या एका नियमात किती शिक्षण साठले आहे, याची मला वारंवार प्रचिती येते.

इंग्लंडमधील रग्बी गावच्या शाळेवरून या खेळाचे नाव पडले. १८२३ साली तेथील विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने चेंडू उचलून धूम ठोकली व हा खेळ जन्मास आला, अशी कथा सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही. आपल्या देशाशी असलेले नाते मात्र खरे आहे. कलकत्त्याच्या रग्बी क्लबातील खेळ थांबला, तेव्हा सभासदांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते वितळवून चषक घडविला आणि १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या स्वाधीन केला. १८७९ पासून इंग्लंड व स्कॉटलंड त्याच 'कलकत्ता कप'साठी झुंजत आले आहेत.

हा चेंडू असोल्या नारळासारखा लांबोळा. लहानांच्या हाती मोठ्यांचा पाच नंबरी चेंडू मावत नाही, म्हणून तीन नंबरी द्यावा. अंगावर झेप घेणे वर्ज्य. कमरेला खोचलेली फीत ओढली की गडी धरला असे मानावयाचे. प्रथम मुलांना गोल उभे करून चेंडू दोन्ही हातांनी, बोटे पसरून धरावयास लावतो. ज्याला द्यावयाचा त्याच्याकडे आधी पाहावे, मग हात अंगावरून आडवे झुलवावेत. चेंडू सुटल्यावर बोटे त्याच्याकडेच रोखलेली राहावीत. घेणाऱ्याने हात छातीसमोर पुढे करून ठेवावेत आणि हाक द्यावी. वर्गात आमची भाषा मराठी, पण धावता धावता मुलांच्या तोंडून आपसूक कोकणी हाक येते, "हांगा! म्हाका दी!"

तरीही धावू लागताच चेंडू पुढेच फेकला जातो. अशा वेळी मी खो-खोची आठवण देतो. तेथे खो पाठीमागूनच द्यावा लागतो, आणि तरीही पाठलाग पुढेच सरकतो. हे सांगितले की मुलांना नियम चटकन उमगतो.

खरी अडचण हाताची नसून मनाची असते. आमच्यातील सर्वांत चपळ मुलगा चेंडू कोणालाच देत नसे. एका बुजऱ्या मुलीच्या हातून चेंडू निसटतो, म्हणून तिच्याकडे तर कोणीच टाकीत नसे. उपदेश न करता मी दोघांविरुद्ध एक असा डाव मांडला आणि या दोघांची जोडी लावली. समोरचा एकटा गडी चेंडूवाल्याकडे धावणार आणि सोबती मोकळा राहणार, हा त्यातील साधा हिशेब. मुलगा दोनदा एकटाच धावला. दोन्ही वेळा त्याची फीत गेली. तिसऱ्यांदा मागून क्षीण हाक आली, "हांगा!" त्याने चेंडू दिला, तिने तो छातीशी कवटाळला व रेषेपलीकडे नेऊन टेकविला. सारे मैदान ओरडले.

पण मला मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. पुढच्या डावात तिच्या हातून चेंडू निसटला. मुलाने क्षणभर तिच्याकडे पाहिले; आणि त्याच्या पुढच्या खेपेस पुन्हा तिलाच दिला.

पालकांनी एखाद्या शनिवारी मैदानावर अवश्य यावे. आपले मूल किती धावले, हे तर दिसेलच. त्याने चेंडू कोणाला दिला, हेही पाहावे.