चिखल्याचे आपले आणि परके

चिखल्याला जातो म्हटल्यावर नागपूरच्या मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. रामटेक ठीक, नवेगावबांध ठीक, भंडाऱ्याला पितळेची भांडी घ्यायला जाणेही समजू शकते. पण चिखल्याला जाण्यासारखे आहे तरी काय? आहे. जमिनीखाली मँगनीज आहे, जमिनीवर पळस आहे, आणि २०२५ च्या मार्चात मी गेलो तेव्हा तिथे रणजी करंडकाचा असा काही वाद पेटला होता, की दोन दिवस राहायला गेलेला मी चार दिवस राहिलो.

तुमसर ही तांदळाची पेठ. तिथून तिरोडीकडे रेल्वेचा जो फाटा जातो, त्यावर गोबरवाही आणि डोंगरी बुजुर्ग अशी स्टेशने लागतात. नावे ऐकूनच आपण पुण्या-मुंबईपासून किती लांब आलो ते कळते. भोवती साग, मोह आणि धानाच्या बांध्या. मार्चात धान नसते, पण पळस इतका लाल झालेला असतो की एकदा पाहिल्यावर माणूस उगाच मान वळवून पुन्हा पाहतो. मोहाची फुले वेचायला बाया भल्या पहाटे निघतात, आणि सकाळी आठाच्या सुमाराला साऱ्या गावाला एक गोडसर, किंचित आंबूस वास येतो. आमच्या सदाशिवपेठी नाकाला त्याची सवय नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो आवडू लागतो. (तिसऱ्या दिवशी तो का आवडतो हे कळते, पण ते दिवाळी अंकात लिहिण्याजोगे नाही.)

चिखला हे नाव ऐकून मी चिखलाची अपेक्षा केली होती. प्रत्यक्षात मिळाली ती काळी धूळ. मँगनीजचा दगड हातात घेतला की प्रथम त्याचे वजन चकित करते. लिंबाएवढा तुकडा, पण हात खाली जातो. या पट्ट्यातल्या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘गोंडाइट’ म्हणतात. इथल्या गोंड लोकांवरून फर्मर नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाने ते नाव दिले. गोंडांना त्या नावाचा किती उपयोग झाला हे विचारू नये. खाणी आधी इंग्रजी कंपनीच्या होत्या. १९६२ साली सरकारी भागीदारीची ‘मॉइल’ कंपनी निघाली. शेजारच्या डोंगरी बुजुर्गचे खनिज उघड्या खाणीतून निघते आणि कोरड्या बॅटऱ्यांच्या सेलमध्ये वापरले जाते. म्हणजे पूर्वी आपण ट्रान्झिस्टर कानाला लावून कसोटी सामन्याचे समालोचन ऐकत असू, तेव्हा या डोंगराचा चिमूटभर अंश आपल्या कानाशी असण्याचा संभव होता. हा विचार मला फार आवडला आणि मी तो यजमानांना सांगितला. ते म्हणाले, “चहा घ्या.”

यजमान म्हणजे माझे कॉलेजातले स्नेही. त्यांच्या शेजारच्या अंगणात संध्याकाळी बैठक भरते. तिचे अध्यक्ष आबाजी. वय पंचाहत्तरीकडे झुकलेले. आयुष्यभर जमिनीखाली ड्रिल मशीन चालवले, त्यामुळे कान थोडे गेलेले आणि आवाज बराच वाढलेला. वडील राजनांदगावकडून खाणीवर मजूर म्हणून आले. आबाजींचा जन्म इथलाच. बोलणे मराठी, शिव्या छत्तीसगडी आणि क्रिकेटच्या बाबतीत मते फाशीच्या शिक्षेइतकी पक्की.

त्या आठवड्यात वादाचा विषय होता रणजीचा अंतिम सामना. २६ फेब्रुवारीपासून २ मार्चपर्यंत नागपूरजवळ जामठ्याला विदर्भ आणि केरळ खेळले. विदर्भाने ३७९ केल्या, केरळाने ३४२. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या सदतीस धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे आला, तिसऱ्यांदा. वरवर पाहता यात भांडण्याजोगे काही नाही. आपण जिंकलो, पेढे वाटा, विषय संपला. पण आबाजी पेढे खायला तयार नव्हते.

कारण होते आदित्य सरवटे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भ रणजीत १९५७-५८ पासून खेळतो आहे, आणि साठ वर्षे त्याने मुख्यतः इतरांना जिंकण्याचा आनंद दिला. मग २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला दिल्लीला नऊ गड्यांनी हरवून पहिला करंडक आला. त्या सामन्यात रजनीश गुरबाणीने हॅटट्रिक घेतली. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला अठ्ठ्याहत्तर धावांनी हरवले. त्या सामन्यात नागपूरच्या सरवट्याने डावखुऱ्या फिरकीवर अकरा बळी घेतले. पुजाराला तर दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली. त्या वेळी चिखल्यात फटाके वाजले होते म्हणतात. तोच सरवटे २०२५ च्या अंतिम सामन्यात, त्याच जामठ्यावर, केरळाकडून खेळत होता! एकोणऐंशी धावाही काढल्या त्याने.

“आपल्या गावचं पोरगं,” आबाजी म्हणाले, “आन् आपल्याच उरावर बसून राहिलं. काहून?”

काहूनचे उत्तर सोपे आहे. व्यावसायिक खेळाडूला मोसम संपल्यावर नव्या संघाकडून जाता येते. नियमांत ती सोय आहे. गंमत अशी की दुसऱ्या बाजूला विदर्भाचा आधार होता करुण नायर. हा मूळ कर्नाटकाचा. कसोटीत त्रिशतक ठोकलेला. २०२३-२४ पासून विदर्भाकडे आलेला. पहिल्या डावात त्याने शहाऐंशी केल्या आणि तरुण दानिश मालेवारबरोबर दोनशेपंधराची भागी रचली. मालेवारने स्वतः एकशेत्रेपन्न काढल्या. दुसऱ्या डावात नायरने शतक केले आणि मोसमातले नववे म्हणून नऊ बोटे वर करून दाखवली. शेवटी तो एकशेपस्तीसवर यष्टिचित झाला. कोणाच्या गोलंदाजीवर? सरवट्याच्या. म्हणजे कर्नाटकाचा माणूस विदर्भाची लाज राखत होता आणि नागपूरचा माणूस केरळासाठी त्याला बाद करत होता. एवढा गुंता आमच्या जुन्या सामाजिक नाटकांतही नसे.

आबाजींचा हिशेब सरळ होता. नायर आला, खेळला, ठीक; पाहुणा आहे, जेवू घाला. सरवटे गेला, संपला. मी म्हटले, “आबाजी, गेल्यामुळे तुमचे नुकसान काय झाले? त्याच्या जागी हर्ष दुबे आला. तोही डावखुरा फिरकीवाला. एका मोसमात एकोणसत्तर बळी! रणजीच्या इतिहासात इतके कोणी घेतले नव्हते.”

त्यावर आबाजींनी मला खाण समजावून सांगितली. चिखल्याच्या भुयारी खाणीत खनिजाचा एक थर काढला की तिथे पोकळी राहते. ती तशीच सोडली तर वरचे छत खाली येईल. म्हणून पाण्याबरोबर वाळू आत सोडून ती भरून काढतात, आणि त्या भरावावर उभे राहून पुढचा थर फोडतात. “वाळू भरली म्हंजे तिथं मँगनीज हाय असं थोडंच होते?” त्यांनी विचारले. दृष्टांत मोठा देखणा होता. फक्त दुबेला वाळू म्हणणे अन्यायाचे होते, आणि तसे मी म्हटले. ते त्यांनी ऐकले नाही. कानांचा उपयोग ते असा करतात.

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला असतो. मी त्याच्याकडून ऐकलेले त्या बैठकीत सांगितले. तिकडे विद्यापीठांच्या फुटबॉलचे वेड असे, की ॲन आर्बर नावाच्या, आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीच्या गावात एक लाख माणसांहून मोठे मैदान आहे, आणि ते भरते. हा फुटबॉल म्हणजे पायाने कमी आणि खांद्याने जास्त खेळायचा. तिथेही २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूला एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठाकडून खेळता येते. त्याच वर्षापासून स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. २०२५ पासून तर विद्यापीठेच पैसे देऊ शकतात. तेव्हापासून म्हातारे रसिक आबाजींसारखेच कपाळाला हात लावून बसले आहेत. पोर एका वर्षी या रंगाचा सदरा घालते, दुसऱ्या वर्षी त्या. ओरडायचे कोणासाठी?

आणि बेसबॉल! ते तर आपल्या क्रिकेटचेच लांबचे भावंड. तिथे संघ खेळाडूला सरळ विकतात. बेब रूथ नावाचा त्यांचा सगळ्यात मोठा फलंदाज १९१९ च्या शेवटी बॉस्टनच्या मालकाने न्यूयॉर्कला विकला. बॉस्टन १९१८ साली अजिंक्य होते. पुन्हा अजिंक्यपद मिळायला २००४ साल उजाडले. शहाऐंशी वर्षे! मधल्या काळात कित्येक बॉस्टनकर ‘हा रूथचा शाप’ म्हणत जगले आणि मेले.

“पाहा!” आबाजी ओरडले. शाप ही कल्पना त्यांना मनापासून पटली.

“पण त्या रूथनं सोताहून पाय काढला होता का?” आतून आवाज आला. आजी कणीक मळत होत्या. “त्याले मालकानं विकलं. आन् तुमचे बाबूजी राजनांदगावहून इथं आले, तवा त्याइले कोणी म्हटलं का, का हा परका हाय, याच्या हाती पहार देऊ नोका म्हणून?”

अंगणात शांतता पसरली. कारण वाद सरवट्यांचा नव्हताच, हे त्या क्षणी मलाही कळले. माझ्या स्नेह्यांनी मग हळूच सांगितले. आबाजींचा नातू सोळा वर्षांचा, दहावीची परीक्षा देत होता. टेनिसच्या चेंडूवर तो इतक्या जोरात गोलंदाजी टाकतो की खाणीतले मोठे लोक त्याच्यासमोर उभे राहायला कारणे सांगतात. नागपूरला मावशीकडे राहून लेदर चेंडूवर शिकावे, अकरावीही तिथेच करावी, असे पोराच्या आईच्या मनात होते. आबाजी नाही म्हणत होते. त्यांचा स्वतःचा मुलगा कामासाठी भिलाईला गेला तो सणालाच येतो. गेलेला माणूस परत येत नाही, ही त्यांच्या आयुष्याची खरी स्कोअरबुके.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराचा खेळ पाहायला गेलो. मैदान म्हणजे एक मोकळी जागा. स्टंप तीन काठ्यांचे, आणि ते उभे राहावेत म्हणून बुडाशी मँगनीजचे दगड रचलेले. असा भारी पाया लॉर्ड्‌सलाही नसेल. पोराची धाव लांब, खांदा मोकळा. टप्पा मात्र चुकत होता. टेनिसच्या चेंडूला शिवण नसते, त्यामुळे ती कशी धरायची हे त्याला कोणी शिकवलेलेच नव्हते. माझे मत विचाराल तर सांगतो, आणि हे मत मी त्या अंगणातही सांगितले: आपली पोरे घर सोडून जातात याबद्दल हळहळण्याआधी, त्यांना घराजवळ एक बऱ्यापैकी खेळपट्टी आणि शिवणीचा चेंडू मिळतो का, हे पाहावे. सारे विदर्भ क्रिकेट नागपुरात दाटले आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पोराला नागपूर हेच पहिले परदेश. त्याने तिथवर गेल्यावर पुढे केरळ काय आणि कर्नाटक काय!

उमेश यादवचे उदाहरण मी मुद्दाम दिले, कारण ते खाणीचेच आहे. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून येऊन नागपूरजवळ वलनीच्या कोळसा खाणीत कामाला होते. उमेशही टेनिस चेंडूवरच वाढला. लेदर चेंडू विशीच्या उंबरठ्यावर हातात आला. २००८ साली तो विदर्भाकडून रणजी खेळला, २०११ साली भारताकडून कसोटी. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीवीर हाच. आणि त्याचे वडील, आबाजींच्या हिशेबाने, परके.

“तो वेगळा,” आबाजी म्हणाले.

“कसा?”

“तो खाणीतला हाय.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि मला वाटते त्यांचे एका अर्थी खरेही होते. चिखल्यात माणसाचा मुलूख कोणी विचारत नाही. इथे बालाघाटचे आहेत, छत्तीसगडचे आहेत, गोंड आहेत, तुमसरकडचे कुणबी आहेत. भोंगा वाजला, दिवा डोक्याला लावला, एका पिंजऱ्यात उभे राहून खाली गेले की सगळे आपले. मग त्याच न्यायाने नायरही दोन मोसम आपल्याबरोबर खाली उतरला होता, असे मी म्हटले. आबाजींनी विचार केला. “नऊ शंभर मारले,” ते म्हणाले. “ठीक हाय. त्याले आपला म्हणा.” सरवट्यांचे काय, ते त्यांनी सांगितले नाही. पण एकोणऐंशीतला एक कव्हर ड्राइव्ह त्यांच्या शेजाऱ्याने हातात लाटणे घेऊन करून दाखवला, तेव्हा आबाजी म्हणाले, “पाय बरोबर टाकते पोरगं.” एवढी माफी मला पुरेशी वाटली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विदर्भाने नागपुरात शेष भारताला त्र्याण्णव धावांनी हरवून इराणी करंडकही घेतला, तेव्हा मी चिखल्याला फोन केला. तोवर नायर कर्नाटकाकडे परत गेला होता आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे. आबाजींना हे सगळे ठाऊक होते. त्याबद्दल ते फारसे बोलले नाहीत. नातू जूनपासून मावशीकडे नागपूरला आहे, एवढे सांगितले. लेदर चेंडूने पहिल्याच आठवड्यात त्याच्या बोटाचे नख उडवले. आजीने त्याच्यासाठी मोहफुलांचे लाडू पाठवले, ते मावशीच्या मुलांनी खाल्ले. आबाजी दर महिन्याला सकाळच्या गाडीने तुमसरला जातात, तिथून नागपूर गाठतात, मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसतात आणि रात्री परततात.

“टप्पा सुधारला का?” मी विचारले.

“नाही,” आबाजी फोनवर इतक्या मोठ्याने म्हणाले की माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले. “पण शिवण पकडून राहिला आता.”