ब्लॅक लेबल आणि हळकुंड

प्रत्येक ऑफिसात एक व्हिस्की-पंडित असतोच. आमचा पंडित ग्लास दिव्यासमोर धरतो, तिरका करतो आणि म्हणतो, "रंग बघ बॉस, याला म्हणतात एजिंग!" आम्ही माना डोलावतो. बिल तोच भरणार असेल तर जरा जास्तच.

पण व्हिस्की पारखायची कशी, हे मला कळलं ते हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये. तेही थेंबसुद्धा न पिणाऱ्या माणसाकडून.

माझे थोरले काका वसमतच्या मोंढ्यात हळदीचे आडते. 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालेली हीच ती वसमतची हळद. सीझनला पोती उघडली की काका मूठभर हळकुंडं उचलतात, एक कट्‌कन मोडतात, आतला रंग बघतात, नाकाशी नेतात. झालं. वरच्या रंगाकडे त्यांचं लक्षच नसतं. "वरचा रंग पॉलिशचा असतोय. ड्रमात फिरवलं की कसलंही हळकुंड चमकतंय."

गेल्या जानेवारीत हुरड्याला गावी गेलो तेव्हा चुलतभावाच्या फर्माइशीवरून बॅगेत जॉनी वॉकर ब्लॅक लेबल होती. शेतात, आगटीपाशी ती बाहेर निघाली आणि नेमके काका आले. सगळे गप्प. आमचे धाकटे काका देशीपायी ऐन चाळिशीत गेले. तेव्हापासून आमच्या घरात बाटली आलेली नाही.

काका खाली बसले. "एवढं महागाचं काय आहे त्याच्यात? सांग तर."

मी सांगितलं. ब्लेंड म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींच्या माल्ट आणि ग्रेन व्हिस्कींचं मिश्रण. लेबलवरचा 12 हा आकडा त्यातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं वय. आत थोडी पंधरा-वीस वर्षांची असली तरी आकडा 12 च लिहायचा, असा कायदा. मुरायचं ते ओकच्या पिंपात. बाटलीत भरली की वय थांबलं. (मामांनी दुबईहून आणून दहा वर्षं शोकेसमध्ये ठेवलेली बाटली बावीस वर्षांची होत नाही. सॉरी मामा.) आणि पिंपातून दरवर्षी साधारण 2 टक्के उडून जाते.

"आपल्याकडं किती उडंल?"

"बेंगळुरूत 10 टक्क्यांच्या आसपास उडते म्हणतात."

"म्हंजे घट," काका म्हणाले. "बारा वर्षांची घट, वर अडकलेल्या पैशाचं व्याज. महाग होणारच की."

एवढं सोपं करून मला कुणीच सांगितलं नव्हतं. भारतात त्यावर आयात शुल्कही चढतं, ते वर्षानुवर्षं 150 टक्के होतं. ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये झालेल्या करारात ते आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलंय.

"आन् रंग? पिंपाचाच का?"

पिंपाचा असतोच. पण स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला कायद्यानं परवानगी आहे. हे ऐकून काका इतके हसले की हातातलं कणीस आगटीत पडलं. "पॉलिश!"

मग त्यांनी स्वतःच ग्लास मागितला. मी तळाशी थोडी ओतली, चमचाभर पाणी घातलं आणि सांगितलं, नाक एकदम आत घालू नका, तोंड किंचित उघडं ठेवा. काकांनी हुंगलं आणि ग्लास बाजूला ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा उचलला.

"आता स्पिरिट बसलंय. काकवी आहे. मनुका. मागं धूर आहे, पण गोवरीचा नाही. मातीचा धूर."

स्कॉटलंडमध्ये पीट जाळून बार्ली सुकवतात, त्याच्या धुराचा तो वास. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजलेल्या वनस्पतींचा खणून काढलेला थर. काकांना यातलं काहीही माहीत नव्हतं.

"घोटभर चव तर बघा," चुलतभाऊ म्हणाला.

काकांनी ग्लास माझ्या हातात दिला. "चव बघायला चमचा पुरतोय. तुमचा पेग साठचा असतोय. तुमचा काका बी आधी चवच बघायलता."

यावर कोण काय बोलणार? आगटीत गोवरी सरकवली, हुरडा चोळला.

त्या रात्री मी जेमतेम वीस एमएल घेतली, अर्ध्या तासात. घाई नसली की ब्लॅक लेबल खरंच उलगडते. आधी व्हॅनिलाचा गोडवा, मग मनुका, शेवटी धूर. मधे ती थोडी पातळ वाटते आणि चव तोंडात फार वेळ रेंगाळत नाही. पण धूर अस्सल आहे. अठरा वर्षांच्या ब्लेंडला मोजावे लागणारे जादा पैसे मी तरी मोजणार नाही. ऑन द रॉक्स घेणाऱ्यांना एकच सांगेन, बर्फानं पहिला बळी जातो तो वासाचा.

उरलेली बाटली मी पुण्याला परत आणली. काकांचा फोन येतो तेव्हा आधी पावसाचं होतं, मग हळदीच्या भावाचं, आणि ठेवता ठेवता ते विचारतात, "बाटली कुठवर आली रे?"

मी उठून कपाट उघडतो आणि बघून सांगतो.