पोटातल्या फासळ्या

गिटारचे कूळ तिच्या चेहऱ्यावरून ओळखू नये. वरचे लाकूड काळवंडलेले असते, आत चिकटवलेला छापील कागद कसरीने खाल्लेला असतो. आणि तो शाबूत असला तरी काय, कागद कुणीही चिकटवावा! खरी ओळख असते ती तबलीच्या आतल्या अंगाला. आपल्या तंबोऱ्याची गोष्ट निराळी. मिरजेचे कारागीर तुणाच्या लाकडाची तबली किंचित फुगीर ठेवतात. पुलाचा भार जसा कमानीवर, तसा घोडीचा भार त्या फुगवट्यावर पेलला जातो. आतून आधार द्यावा लागत नाही. गिटारची तबली मात्र सपाट, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, आणि सहा पोलादी तारांची तिच्यावरची ओढ ७०-८० किलोंच्या घरात. वाजवा की न वाजवा, एक धडधाकट गृहस्थ तिला अष्टौप्रहर लोंबकळत असतो म्हणा ना! आतून फासळ्या चिकटवल्या नाहीत, तर तबली घोडीसकट वर उचलून येईल.

हे सारे मला आठवायचे कारण इंदापूरचे माझे एक स्नेही. ते आमच्याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतात आणि रोज बारामतीला येऊनजाऊन असतात. त्यांच्या वडिलांची एक गिटार घरात होती. मुंबईच्या चोरबाजारात घेतलेली, आणि वडील गेल्यापासून कपाटावर पडलेली. काबरांचे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ १९६७ साली आले, आणि पुढे कित्येक घरांत गिटार मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवण्याचे वेड शिरले, वडील त्यांतलेच. आता स्नेह्यांच्या आईची इच्छा होती, की या दिवाळीत नातीने ती एकदा वाजवावी. तिकडे पुण्याच्या धाकट्या भावाने कुणा जाणकाराला फोटो दाखवला होता. “अस्सल जुनी स्पॅनिश आहे, चांगले पैसे येतील, पण पोलादी तारा चढवलीत तर संपलीच,” असा निर्वाळा मिळाला होता. भाऊ म्हणे, विकू या. आई काही बोलत नव्हत्या. मला लाकडी वाद्यांच्या पोटात डोकावण्याचा नाद आहे हे स्नेह्यांना ठाऊक होते. “सर, एकदा बघूनच जा,” ते म्हणाले.

जाणकाराचे म्हणणे खोटे होते असे नाही. ते खरे आहे की नाही हे फोटोवरून ठरत नाही, एवढेच. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने गेल्याच्या आधीच्या शतकात जी पद्धत रूढ केली, तिच्यात नादछिद्राच्या खाली पाच-सात नाजूक काड्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात. ती घडण मऊ तारांसाठी, म्हणजे पूर्वी तातीच्या, हल्ली नायलॉनच्या. हा तोरेस मोठा हट्टी माणूस. नादाचे मर्म तबलीतच आहे हे दाखवण्यासाठी त्याने १८६२ साली एका गिटारची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या! दुसरी पद्धत अमेरिकेतली. जर्मनीहून १८३३ मध्ये तिकडे गेलेल्या मार्टिन नावाच्या कारागिराच्या गिटारींत १८४० नंतर दोन दांड्या एकमेकींना फुलीसारख्या छेदू लागल्या. पोलादी तारांचा जमाना आला तेव्हा हीच फुली कामाला आली. तिसरी पद्धत सर्वांत साधी नि स्वस्त: शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या. तिला बाजारात मान नाही. माझ्या मते तो थोडा अन्यायच आहे. शिडीच्या गिटारचा आवाज कोरडा, पण स्पष्ट असतो.

रविवारी मी निघालो. सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी हा पालखीचाच रस्ता. दोन्ही बाजूंना ऊस. इंदापूरला पोचल्यावर चहा झाला आणि गिटार सतरंजीवर आली. तारा सैल केल्या. घोडीच्या मागे तबली पोट सुटल्यासारखी वर आली होती. बोटाने टकटक करत गेलो, तर एका जागी बद्द आवाज आला आणि मागोमाग बारीक करकर ऐकू आली. आतली एखादी फासळी सुटली होती. जुन्या वाद्यांत सरस वापरलेला असतो. दमट हवेने नि उष्णतेने तो सुटतो. म्हणून आत साधा तापणारा दिवा सोडणे धोक्याचे.

वहिनींनी दिवाळीची दिव्यांची माळ काढून दिली, ती न तापणारी. नादछिद्रातून ती आत सोडली, खिडक्या लावल्या, खोलीतला दिवा मालवला. तबलीचे पातळ लाकूड मधासारखे उजळले, आणि आकाशकंदिलात कामट्या दिसाव्यात तशा आतल्या पट्ट्यांच्या सावल्या उमटल्या. पंखा नव्हता. तीन पट्ट्या सरळ आडव्या होत्या. पण घोडीखाली एक सावली चांगली तिरपी होती. “म्हणजे अमेरिकन!” स्नेही ओरडलेच. पण फुलीला दोन दांड्या लागतात, आणि ही एकटीच.

मग दंतवैद्याकडे असतो तसला दांड्याचा आरसा आत सरकवला. आडव्या पट्ट्या ओबडधोबड, रंध्याच्या खुणा तशाच. त्यांतली घोडीजवळची एका टोकाला सुटलेली. कागदाची चिठ्ठी तिच्याखाली अलगद सरकली. आणि ती तिरपी? तिच्यावर ओळीने बारीक रेघा होत्या आणि उलटे आकडे: ९, १०, ११. अर्धी कापलेली लाकडी फूटपट्टी! कडेला शाईने ‘४ थी ब’ असे लिहिलेले.

ते ऐकून आई उठून आल्या. त्या चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. “ही माझ्या वर्गातली,” त्या म्हणाल्या. “पुन्हा या गिटारवर पैसा घालायचा नाही, असं मीच यांना बजावलं होतं.” स्नेह्यांचे स्मरण अर्थशास्त्रज्ञाचे. “आणि पट्टी हरवली म्हणून मार कुणी खाल्ला? मी! तोही दुसऱ्या पट्टीनं!”

आई आरशात बराच वेळ बघत राहिल्या.

शिडीची घडण असल्यामुळे पोलादी तारा चालणार, हे ठरले. वडिलांनी जन्मभर त्याच चढवल्या होत्या. भावाला फोन केला. स्पॅनिश नाही म्हटल्यावर किमतीचा विषय त्यानेच सोडला. गिटार मी मिरजेच्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्याने सुटलेल्या टोकाखाली ताजा सरस भरून ते दाबून बसवले. फूटपट्टीबद्दल मी विचारले, कारण शास्त्र पाहणारा माणूस ती काढून टाका म्हणेल. कारागिराने आत बोट घालून चाचपले. “घट्ट आहे. भारही घेते आहे. काढायची कशाला?” हलक्या तारा घाला नि एक स्वर खाली लावा, एवढेच त्याने बजावले.

वसुबारसेच्या संध्याकाळी नातीने ती वाजवली. शिकून दोनच महिने झालेले, त्यामुळे अधूनमधून तार खणाणे. आई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी एकच विचारले, “पण उरलेली अर्धी पट्टी कुठं आहे रे?”

स्नेह्यांनी परवा घरातली जुनी पेटी उघडली आहे.