थेंब कुठला, ते आधी बघा

दसऱ्याला शोरूममधून निघालेल्या गाड्यांपैकी एखाददुसरी दिवाळीच्या आत माझ्या गॅरेजसमोर येऊन उभी राहतेच. सीटवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नसतं आणि मालकाच्या चेहऱ्यावर सुतकी कळा. "मिस्त्री, नव्या गाडीखाली तेल पडतंय." बरोबर आलेले वडील गाडी परत करायच्या गोष्टी करत असतात. शोरूममधल्या पोरानं सांगितलेलं असतं, "पाचशे किलोमीटर चालवा, सेट होईल." दोन्ही बोलणी चुकीची. नव्या इंजिनात सेट होतात त्या पिस्टनच्या रिंगा. पॅकिंग आणि ऑइल सील चालवून सेट होत नसतात. आज पाझरणारी जागा उद्या जास्तच पाझरते. पण म्हणून इंजिन भंगार निघालं, असंही नाही. नव्या गाडीची गळती बहुतेक वेळा चहा-भज्यांच्या पैशात येणाऱ्या एखाद्या वस्तूपाशी येऊन थांबते. ती वस्तू कुठली, हे शोधायलाच डोकं लागतं.

मुळात ते तेल इंजिनचंच आहे का, इथून सुरुवात करायची. मागच्या रिमवर काळे शिंतोडे असतील तर ते चेनचं ल्युब. पुढच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तेलकट कडं दिसलं तर शॉकअपचं सील. सकाळी सायलेन्सरमधून गळतं ते साधं पाणी. पेट्रोल जळताना वाफ होते आणि थंड नळीत तिचं पाणी होतं. ब्रेक ऑइल मात्र ओळखायला शिका. ते पातळ असतं आणि पडेल तिथला रंग उठवतं. ते दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका, शोरूमवाल्याला घरी बोलवा.

इंजिन ऑइलच असेल तर पुढचा प्रश्न, कुठून? लोक गाडीखाली वाकतात, थेंब जिथे लोंबतोय तिथे बोट दाखवतात. पण तेल वरून ओघळतं आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो. मी इंजिन रॉकेलनं धुतो, हवा मारून खडखडीत कोरडं करतो आणि वरून टाल्कम पावडर झटकतो. पान्यांच्या कपाटात पावडरचा डबा बघून गिऱ्हाईक हसतं. मग त्यालाच एक फेरी मारून यायला सांगायचं. परत आल्यावर पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्वच्छ उमटलेली असते. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा, तीच खरी. खालचं सगळं ओघळ.

एका पोराच्या गाडीचं क्लच कव्हर शोरूमनं उघडून पॅकिंग बदललं होतं, तरी कव्हर ओलंच. पावडर मारली तर वाट थेट वरून, हेडच्या टॅपेट कव्हरपासून निघालेली. त्या कव्हरचं रबर एका कोपऱ्यात मुडपून बसलं होतं. क्लच कव्हर बिचारं निर्दोष. मी पानाही लावला नाही. फोटो काढून दिला आणि म्हटलं, "हा दाखव आणि त्यांच्याकडूनच करून घे."

कंपनीतून गळकं इंजिन येत नाही का? येतं, क्वचित. अॅल्युमिनियमचं कास्टिंग ओतताना आत हवा अडकली तर केसासारखं भोक राहतं. म्हणून कारखान्यात इंजिनात हवेचा दाब भरून गळती तपासतात. त्यातूनही एखादं निसटतं आणि तापल्यावर तिथून तेल पाझरतं. अशा ठिकाणी वरून लिंपू देऊ नका, तो भागच बदलून मागा.

पण माझं मत विचाराल तर नव्या गाडीच्या गळतीचं मोठं उगमस्थान कारखाना नाही, पहिली फ्री सर्व्हिस आहे. सणाच्या गर्दीत पोरं घाईत असतात. ड्रेन नट उघडतात, तेल सोडतात, नट परत लावतात. त्या नटाखाली तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वायसर असतो. तो हातात घेऊन उजेडात तिरपा धरा. एका अंगाला नटाच्या कडेची गोल खाच पडलेली दिसेल. हा वायसर दबण्यासाठीच असतो. एकदा दबला की त्याचं काम संपलं. तोच परत लावला की खाच नेमकी जुन्या जागी बसत नाही, फटीतून तेल येतं. मग गळू नये म्हणून पोरगा नट आणखी आवळतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. इंजिनचं अंग अॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. कव्हरच्या सहा एमएमच्या बोल्टला साधारण दहा न्यूटन-मीटर ताण पुरतो, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. जास्त झालं की आटे चांदीच्या भुशासारखे बाहेर येतात. वीस रुपयांचं काम मग आट्यांत कॉइल बसवण्यापर्यंत जातं. हीच गत सिलिकॉन पेस्टची. हात भरून लावली की जादाची आत पिळली जाते, तिचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत अडकतात.

आणखी एक गंमत. पुष्कळ छोट्या गाड्यांत तेल बदलताना लिटरपेक्षा थोडं कमी लागतं, पण बाटली लिटरची असते आणि ती पूर्ण उपडी केली जाते. जादा तेल ब्रीदरमधून एअर फिल्टरच्या डब्यात जातं आणि खालच्या नळीतून टपकतं. काहीही बिघडलेलं नसतं. गाडी मेन स्टँडवर सरळ लावून पातळी बघायची आणि जादाचं काढून टाकायचं.

जुन्या बुलेटवाल्यांना हे सगळं वाचून हसू येईल. त्यांच्याकडे गाडीखाली पत्र्याचा ट्रे हा संसाराचाच भाग होता. त्या कास्ट आयर्न इंजिनात प्रायमरी चेनचं मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर धरलेलं असे. गळलं नाही तरच नवल. इंजिन आणि गिअरबॉक्सही वेगवेगळे, म्हणजे सांधे जास्त. 2008-09 च्या सुमारास दोन्ही एकत्र असलेलं इंजिन आलं आणि ट्रे अडगळीत गेले. 'बुलेट म्हटल्यावर गळणारच' हे वाक्य मात्र मागे उरलं, आणि ते आता कुठल्याही गाडीला लावतात. आजच्या इंजिनाला ही सवलत देऊ नका.

कारण तेल असतं एक लिटरच्या आसपास. पुष्कळ शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना ऑइलचा दिवाच नसतो, पातळी खाली गेल्याचं इंजिन जाम झाल्यावर कळतं. आणि गळणारं तेल मागच्या टायरवर किंवा डिस्कवर गेलं, तर पहिल्या वळणालाच माणूस आडवा.

वॉरंटीतली गाडी बाहेर उघडू नका, माझ्याकडेही नाही. ओल्या जागेचा फोटो आणि मीटरचं रीडिंग जपून ठेवा. जॉब कार्डवर 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. 'इंजिन ऑइल गळती' हेच शब्द लिहून घ्या, प्रत मागा आणि कुठला भाग बदलला तेही लिहून घ्या. दाद लागलीच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे, त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तिथे फी नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करायला हवी.

आणि सर्व्हिस झाल्यावर लगेच किल्ली घेऊन निघू नका. गाडी दहा मिनिटं चालू ठेवा, मेन स्टँडवर लावा, खाली जुना पेपर टाका आणि चहा पिऊन या. पेपर कोरडा असेल तरच सही करा.