स्वर्गाच्या छताखालून

मान वर केली आणि तोंडातून शब्दच फुटेना! लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावरच्या बँक्वेटिंग हाउसमध्ये मी उभी आहे आणि डोक्यावर, 55 फूट उंचावर, अख्खा स्वर्ग पसरलाय. सोनेरी चौकटींत बसवलेली रुबेन्सची नऊ अवाढव्य चित्रं! गुबगुबीत गुलाबी देवदूत, फुगलेले ढग, फडफडणारे झगे, आणि मधल्या लंबगोलात राजा पहिला जेम्स गरुडावर पाय रोवून चक्क वर निघालाय. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं कशी निवांत, उभ्या उभ्या न्याहाळता येतात. इथे मान पार अवघडून जाते. काही जण सरळ उताणे पडून बघत होते. मीही लाज सोडून आडवी झाले.

हे छत जेम्सच्या मुलाची, पहिल्या चार्ल्सची हौस. 1636 साली ते बसलं. चार्ल्स चणीनं लहान, बोलताना अडखळणारा. पण राजसत्ता आपल्याला थेट देवानं दिलीय, हा समज पक्का. पार्लमेंट कटकट करते म्हणून 1629 पासून अकरा वर्षं त्यानं ती बोलावलीच नाही! चित्रांवर मात्र भारी जीव. मशालींच्या धुरानं छत काळवंडेल म्हणून त्यानं या दालनातले नाच-सोंगांचे खेळच बंद केले.

पुढे स्कॉटलंडशी लढायला पैसा हवा झाला आणि पार्लमेंटपुढे जाणं भाग पडलं. जानेवारी 1642 मध्ये तर पाच खासदारांना धरायला तो शिपाई घेऊन स्वतः सभागृहात घुसला. पाचही जण आधीच पसार! मग यादवी युद्ध, पराभव, कैद, खटला. मृत्युदंडाच्या हुकमावर 59 सह्या.

30 जानेवारी 1649. कडाक्याची थंडी. अंग कापलं तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून राजानं आत दोन सदरे चढवलेत. त्याला याच दालनातून नेतात. वर बापाचं स्वर्गारोहण, पुढे खिडकी, खिडकीपलीकडे काळ्या कापडानं मढवलेला वधमंच. कुऱ्हाडीचा एकच घाव! रस्त्यापलीकडच्या हॉर्स गार्ड्सच्या घड्याळात 2 च्या आकड्याशी एक काळा डाग दिसतो. ती त्या घटकेची खूण, असं सांगतात. मी तो डाग शोधला आणि अंगावर सर्रकन काटा आला.

आणि मग एकदम रायगडच आठवला. इथे भर रस्त्यात राजाचं डोकं उडालं, त्यानंतर पंचवीस वर्षांनी तिथे शिवराय सिंहासनावर बसले. त्या सोहळ्याला नजराणा घेऊन हजर होता हेन्री ऑक्झेंडन, याच देशाचा माणूस. तो आला होता मुंबईहून, आणि मुंबई मिळाली होती याच चार्ल्सच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, लग्नात आंदण म्हणून!

राजा गेल्यावर त्याचा चित्रसंग्रह विकायला निघाला. राजवाड्याच्या प्लंबरचं बिल थकलं होतं. त्यापोटी त्याला बसानो या नामांकित इटालियन चित्रकाराचं चित्र देऊन टाकलं! नळ दुरुस्त करणाऱ्याच्या घरी महाप्रलयाचं चित्र. छत मात्र जागेवरच राहिलं.

चार्ल्स सभागृहात घुसला होता, त्याचा राग इंग्रजांनी अजून जपून ठेवलाय, तोही किती थाटात! पार्लमेंटच्या उद्घाटनाला राजाचा दूत खासदारांना बोलवायला येतो, तेव्हा सभागृहाचं दार त्याच्या तोंडावर धाडकन बंद करतात. काठीनं तीनदा ठोठावल्यावर त्याला आत घेतात. खुद्द राजाचं पाऊल तर 1642 नंतर त्या सभागृहात पडलेलंच नाही. आणि कहर म्हणजे, त्या दिवशी राजा पार्लमेंटला निघाला की एक खासदार राजवाड्यात ओलीस ठेवतात. का, तर राजा धडावरच्या मुंडक्यासह परत यावा म्हणून!